बिनमालकाची चावडी : यूजनेटपासून मास्टोडॉनपर्यंत

दोन वर्षांपूर्वी ऐन गणेशोत्सवात मला एक सूचना आली. मास्टोडॉनच्या ज्या छोट्या सर्व्हरवर माझं खातं होतं, तो चालवणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं की नोकरी बदलली आहे, घरात लहान मूल आहे, महिन्याचा खर्च वर्गणीतून निघत नाही आणि तक्रारी वाचायला रोज रात्री बसावं लागतं. तीन महिन्यांनी सर्व्हर बंद करतो आहे, तेवढ्यात सगळ्यांनी आपापलं सामान हलवावं. पत्रात राग नव्हता. दमलेल्या माणसाचं पत्र होतं ते.

टपाल आणि पत्रव्यवहार यांचा इतिहास हा माझा बरीच वर्षं चाललेला, कोणत्याही विद्यापीठाशी न जोडलेला अभ्यास. त्या सर्व्हरवर मी जुन्या पाकिटांवरच्या शिक्क्यांबद्दल, मोडीतल्या हुंड्यांबद्दल, वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या वाचकांच्या पत्रांबद्दल लिहीत असे. उत्तरं देणारे कुठकुठले होते. कुणी न वाचता आलेला शिक्का वाचून देई, कुणी माझी चूक दाखवी. सूचना आल्यावर मी खात्याचं गाठोडं उतरवून घेतलं. त्यात माझा शब्दन् शब्द होता, मी चढवलेली चित्रंही होती. पण मला आलेल्या उत्तरांपैकी एकही त्यात नव्हतं.

जुन्या दप्तरांत काम केलेल्यांना याची गंमत कळेल. दप्तरात नेहमी आलेली पत्रं सापडतात. गेलेली सापडत नाहीत, ती दुसऱ्या कुणाच्या दप्तरात असतात किंवा वाळवीच्या पोटात. इथे बरोबर उलटं होतं. माझी गेलेली पत्रं शाबूत, आलेली गायब. ते का, हे शोधता शोधता मी मागे मागे जात राहिले आणि पंचेचाळीस वर्षं मागे गेले. हा लेख त्या शोधाचा आहे.

आधी ही व्यवस्था काय आहे ते सांगायला हवं. ट्विटर किंवा फेसबुक हे एकाच मालकाचं घर; आपण सगळे त्यात पाहुणे. मास्टोडॉन आणि त्याच्या भाईबंदांची गोष्ट वेगळी. हजारो सर्व्हर, प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, खर्च ज्याचा त्याचा. पण एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचं लिखाण वाचू शकतो, त्याला उत्तर देऊ शकतो, कारण सगळ्या सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याची एक सामाईक रीत मान्य केलेली आहे. पत्त्यात आधी माणसाचं नाव, मग सर्व्हरचं. ईमेल असंच चालतं आणि त्याच्या कितीतरी आधी टपाल असंच चालत आलं आहे. 1874 साली बर्नमध्ये बावीस देशांनी टपालसंघाचा करार केला, त्याचं तत्त्व हेच होतं: तिकीट तुमचं, पैसे तुमचे, पोस्टमन तुमचा, पण दुसऱ्या देशाचं पत्र आलं तर ते घरपोच करायचं. ब्रिटिश हिंदुस्थान त्यात 1876 मध्ये आला. त्याआधी परदेशी पत्राचा दर मार्गागणिक बदलायचा. म्हणजे ही कल्पना संगणकवाल्यांची नव्हे. त्यांनी ती तारेवर आणली.

तारेवर पहिल्यांदा आणली ती अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी. 1979 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांच्या डोक्यात आलं की शेजारच्या चॅपेल हिलच्या विद्यापीठातल्या संगणकाशी रात्री फोन लावून बातम्या-टिपणांची देवाणघेवाण करावी. चॅपेल हिलच्या स्टीव्ह बेलोव्हिनने त्याचा पहिला कच्चा प्रोग्रॅम लिहिला. सुरुवातीला यंत्रं तीन: ड्यूकचं एक, चॅपेल हिलचं एक आणि ड्यूकच्याच वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीरक्रियाशास्त्र विभागाचं एक. यालाच पुढे यूजनेट म्हणू लागले. दिवसाला फार तर एकदोन संदेश येतील असा कर्त्यांचा अंदाज होता. श्रीमंत विद्यापीठांकडे आणि प्रयोगशाळांकडे तेव्हा सरकारी पैशावर चालणारं अर्पानेट होतं. यूजनेट हे ज्यांना ते मिळत नव्हतं त्यांचं होतं. प्रत्येक यंत्र शेजारच्या यंत्राला आपल्याकडचे सगळे संदेश द्यायचं, ते पुढच्याला. मध्यभागी कोणीच नव्हतं.

आपल्याकडचा धागा इथून फार लांब नाही. 1986-87 च्या सुमारास मुंबईत जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यात ईमेल सुरू झालं, तेही फोन लावून आणि यूजनेट ज्यावर धावत असे त्याच यूयूसीपी पद्धतीने. अर्नेट नावाच्या शैक्षणिक जाळ्याचा तो आरंभ होता. 1989 मध्ये एनसीएसटीची तार अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या यूयूनेट या संस्थेशी जोडली गेली. यूयूनेट हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, थोड्या वेळाने ते पुन्हा येईल. सामान्य माणसाला मात्र 15 ऑगस्ट 1995 पर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांना खुलं केलं.

म्हणून यूजनेटवरची मराठी आधी तिकडे गेलेल्यांची होती. सुरुवातीला भारतीयांसाठी net.nlang.india असं एक दालन होतं. 1986-87 मध्ये सगळ्या दालनांची नावं नव्याने बेतली गेली, तेव्हा त्याचं soc.culture.indian झालं. (ही नावं मी मुद्दाम रोमनमध्ये ठेवली आहेत, पण वाचताना ती 'नेट डॉट एनलँग डॉट इंडिया' आणि 'सोक डॉट कल्चर डॉट इंडियन' अशी वाचावीत.) नव्वदच्या दशकात त्यातून भाषावार फांद्या फुटल्या आणि 'सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' हे दालन आलं. देवनागरी पडद्यावर उमटवण्याची सोय नव्हती, तेव्हा मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाई. अविनाश चोपडे यांनी केलेली आयट्रान्स ही लिप्यंतराची पद्धत त्या लोकांच्या हाताशी होती. मोठ्या आणि लहान अक्षरांनी ट आणि त, ण आणि न यांतला भेद दाखवायचा. कधीतरी कुणीतरी या लेखनावर नीट काम करायला हवं. सायक्लोस्टाइल अनियतकालिकांचे अंक जपून ठेवणारे आपल्याकडे आहेत, आणि ते योग्यच आहे. पण प्रयोगशाळेतल्या यंत्रावर रात्री बसून दुसऱ्या गोलार्धातल्या माणसाशी रोमन मराठीत भांडणारा विद्यार्थी हाही आपल्या वाङ्मयव्यवहाराचा भागच आहे.

यूजनेटवर कोणी मालक नव्हता, म्हणून तिथे सत्ता नव्हती असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. ज्यांची यंत्रं मोठी, फोनबिलं भरण्याची ऐपत मोठी, त्या मोजक्या केंद्रांच्या व्यवस्थापकांच्या हातात सूत्रं होती. नावं बदलण्याचा बेत त्यांनीच तडीस नेला. त्यावर चिडून 1987 मध्ये काहींनी 'आल्ट' नावाची समांतर शाखा काढली, तिथे दालन उघडायला कुणाची परवानगी लागत नसे. पुढे याच शाखेत उत्तमोत्तम गप्पाही झाल्या आणि गटारही साचलं.

12 एप्रिल 1994 रोजी ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात पाच हजारांहून अधिक दालनांत एकाच वेळी टाकली. पाककृतींच्या दालनात ती, गणिताच्या दालनातही ती. (गंमत अशी की भारतात जन्मलेल्यांना ती सोडत खुलीच नव्हती.) यूजनेटवर अशा गोष्टींना आळा होता तो लाजेचा. लोक रागावतील, नाव खराब होईल, एवढीच भीती. या जोडप्याला लाज वाटली नाही. उलट असा धंदा कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. लाजेवर चालणारी व्यवस्था निर्लज्ज माणसापुढे काय करते, हा प्रश्न त्या दिवशी पडला आणि आजही तो तसाच आहे.

यूजनेटने त्याचं एक उत्तर काढलं, आणि मला ते आजच्या दृष्टीने फार महत्त्वाचं वाटतं. एखादं केंद्र आपल्या ग्राहकांचा कचरा आवरत नसेल तर इतरांनी त्या केंद्राकडून आलेले सगळे संदेश रद्द करायचे. आपल्या जुन्या भाषेत वाळीत टाकणं. त्याला त्यांनी 'यूजनेट मृत्युदंड' असं भपकेबाज नाव दिलं होतं. 1997 च्या ऑगस्टमध्ये ही शिक्षा यूयूनेटला झाली. हो, तेच यूयूनेट, ज्याच्या तारेने मुंबई पहिल्यांदा बाहेरच्या जगाशी बोलली होती. एव्हाना ती जगातल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांपैकी एक झाली होती. आठवडाभराच्या आत तिने कचरा आवरायला घेतला आणि शिक्षा उठली. कोर्ट नाही, सरकार नाही. विखुरलेल्या, बहुतांशी बिनपगारी व्यवस्थापकांनी एका बलाढ्य कंपनीला वाकवलं. पण त्या आठवड्यात यूयूनेटच्या ज्या निरपराध ग्राहकांचे संदेश पुसले गेले, त्यांचा हिशेब कुणी ठेवलेला मला आढळला नाही. वाळीत टाकताना नेहमी अख्खं घर वाळीत पडतं.

आता दप्तराचा प्रश्न. यूजनेटचे संदेश प्रत्येक यंत्रावर काही दिवस राहायचे आणि जागा भरली की पुसले जायचे. ते ठेवून द्यावेत असं फारसं कुणाला वाटलं नाही. सगळ्यांची चावडी असली की तिचं दप्तर कुणाचंच नसतं. अपवाद एका माणसाचा. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणक सांभाळणारा हेन्री स्पेन्सर 1981 पासून आलेले संदेश चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवत गेला. दहा वर्षांत 141 टेपा झाल्या. त्यात सुमारे वीस लाख संदेश आहेत. प्राणिशास्त्र विभागाला त्याचा काही उपयोग नव्हता. पुढे दुसऱ्या विद्यापीठातल्या काही जणांनी त्या टेपा मागून नेल्या आणि खपून त्या वाचल्या. दरम्यान 1995 पासून डेजा न्यूज नावाची कंपनी यूजनेटचे संदेश साठवू लागली होती. 2001 च्या फेब्रुवारीत तिचं भांडार गूगलने घेतलं आणि त्याच डिसेंबरात स्पेन्सरच्या टेपांसह वीस वर्षांचं यूजनेट सर्वांना शोधता येईल असं मांडलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अस्वस्थ झाले. ज्या जाळ्याला मध्यच नव्हता, त्याची आठवण शिल्लक राहिली ती एका हट्टी माणसामुळे आणि एका महाकाय कंपनीमुळे. त्यातही कंपनीवर किती विसंबायचं? 22 फेब्रुवारी 2024 पासून गूगलने यूजनेटचे नवे संदेश घेणं बंद केलं. जुनं दप्तर अजून वाचता येतं, पुढे किती काळ येईल ते कंपनीच्या मर्जीवर. ज्या ड्यूक विद्यापीठात यूजनेट जन्मलं, त्यांनी आपला यूजनेट सर्व्हर 2010 मध्येच बंद केला होता.

मधल्या काळातला एक प्रसंग थोडक्यात सांगते, कारण आजचे लोक त्याचा दाखला वारंवार देतात. 1999 मध्ये जेरेमी मिलरने जॅबर नावाची गप्पांची खुली पद्धत मांडली, तिलाच पुढे एक्सएमपीपी म्हणू लागले. कोणीही सर्व्हर काढावा, सगळे एकमेकांशी बोलतील. गूगलने 2005 मध्ये गूगल टॉक काढलं ते याच पद्धतीवर, आणि 2006 च्या जानेवारीत बाहेरच्या सर्व्हरांसाठी दार उघडलं. छोट्या सर्व्हरवाल्यांना आनंद झाला. एवढा मोठा शेजारी आपल्यात आला! 2013 च्या मे महिन्यात गूगलने हँगआउट्स आणलं आणि ते दार लावून घ्यायला सुरुवात केली. तोपर्यंत बहुतेकांचे मित्र गूगलच्या अंगणात जमलेले होते. दार लागल्यावर बाहेरच्यांना नुसत्या भिंती उरल्या. गूगलने हे ठरवून केलं की धंद्याच्या ओघात झालं, यावर वाद आहे. मला ओघात झालं असावं असं वाटतं, आणि त्याने काही फरक पडत नाही.

मास्टोडॉनचे पूर्वज याच सुमारास उभे राहत होते. 2008 मध्ये माँट्रियलच्या इव्हान प्रोड्रोमू यांनी आयडेंटिका नावाचं छोट्या टिपणांचं संकेतस्थळ काढलं, त्याचं सॉफ्टवेअर कुणीही घेऊन स्वतःचा सर्व्हर काढू शकत असे. 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरासाठी दहा हजार डॉलर मागितले आणि लोकांनी दोन लाखांहून अधिक दिले. फेसबुकविषयीचा राग तेव्हाच किती साचला होता ते यावरून दिसतं. आपल्या देशातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी डायस्पोराचा 'पॉड्डरी' नावाचा सर्व्हर लोकवर्गणीतून चालवला. या सगळ्या प्रयोगांच्या अनुभवातून बोलण्याची एक सामाईक रीत लिहिली गेली आणि 23 जानेवारी 2018 रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला मान्यता दिली. तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. प्रोड्रोमू तिच्या लेखकांपैकी एक आहेत. जर्मनीतल्या येना शहरात युजेन रोश्को या तरुणाने 2016 साली काढलेलं मास्टोडॉन एव्हाना चालू झालेलं होतं, त्याने ही रीत उचलली.

भारतात मास्टोडॉनचं नाव घरोघरी नाही तरी वर्तमानपत्रांत पोहोचलं ते 2019 च्या नोव्हेंबरात. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं आधी एका छायाचित्रावरून बंद झालं: नाझी सलाम करणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या ऑगस्ट लांडमेसरचं ते प्रसिद्ध छायाचित्र. फॅसिस्टांना नकार देणारं चित्र यंत्राने द्वेषाचं ठरवलं. खातं परत मिळालं आणि लगेच पुन्हा गेलं, गोरख पांडे यांच्या एका हिंदी कवितेच्या जुन्या संदेशावरून. त्याच दिवसांत निळी खूण देताना ट्विटर जातीय पक्षपात करतं असा आरोप बहुजन कार्यकर्ते करत होते. दोन्ही संताप एकत्र झाले आणि हजारो भारतीय मास्टोडॉनवर आले. मीही त्या लाटेतलीच. पहिले आठ दिवस जत्रेसारखे गेले, हिंदी, मल्याळम, मराठी सगळं कानावर पडत होतं. मग एकेक जण परत गेला. मी काहींना विचारलं तर उत्तर एकच: भांडायला समोर माणूस लागतो, तो तिकडेच राहिला आहे. यात सगळं आलं. मंत्री, महापालिका, वर्तमानपत्रं तिकडे होती, आणि न ऐकणाऱ्याच्या दारात उभं राहूनच बोलावं लागतं.

हेच मोठ्या प्रमाणावर 2022 मध्ये झालं. ऑक्टोबरच्या अखेरीस इलॉन मस्कने ट्विटर ताब्यात घेतलं आणि रोश्कोच्याच आकड्यांनुसार मास्टोडॉनचे महिन्याला वावरणारे लोक सुमारे तीन लाखांवरून दोन महिन्यांत पंचवीस लाखांवर गेले. डिसेंबरात ट्विटरने मास्टोडॉनचे दुवे देण्यालाच काही दिवस बंदी केली. ही बंदी म्हणजे मास्टोडॉनला मिळालेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र असं तेव्हा गमतीने म्हटलं गेलं. नंतरच्या महिन्यांत आकडा पुष्कळ उतरला, पण पूर्वीच्या जागी गेला नाही.

या लाटेत छोट्या सर्व्हरांचं कंबरडं कसं मोडतं ते बाहेरून कळत नाही, म्हणून जरा खोलात जाते. समजा माझ्या सर्व्हरवर दोनशे माणसं आहेत. ती जगभरच्या वीस हजार लोकांचं लिखाण वाचतात. त्या वीस हजारांनी लिहिलेलं प्रत्येक टिपण आणि चढवलेलं प्रत्येक चित्र माझ्या सर्व्हरवर येऊन पडतं, काही काळ तिथे साठतं. म्हणजे माझी माणसं दोनशेच राहिली तरी बाहेरचं जग वाढलं की माझं भाडं वाढतं. टपालसंघात आरंभी असंच होतं. प्रत्येक देश आपण विकलेल्या तिकिटाचे पैसे ठेवी आणि आलेली पत्रं फुकट वाटी, कारण जितकी पत्रं येतात तितकीच जातात असं गृहीत होतं. ते खरं नव्हतं, आणि 1969 पासून संघाने वाटपाचा मोबदला ठरवला. फेडिव्हर्सला अजून तशी व्यवस्था सापडलेली नाही.

पैशापेक्षा जड काम तक्रारींचं. इथे यूजनेटचा वाळीत टाकण्याचा उपाय जसाच्या तसा परत आला आहे. 2017 मध्ये जपानच्या पिक्सिव्ह कंपनीने पावू नावाचा सर्व्हर काढला आणि तो पाहता पाहता सगळ्यांत मोठ्यांपैकी एक झाला. त्यावरची काही चित्रं जपानी कायद्यात बसत होती आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत गुन्हा ठरत होती. कित्येक पाश्चात्त्य सर्व्हरांनी पावूकडची चित्रं घेणंच थांबवलं, कारण ती साठली तर तुरुंगात जाईल तो सर्व्हरवाला. 2019 मध्ये वर्णद्वेषी मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेल्या गॅबने मास्टोडॉनचं सॉफ्टवेअर उचललं. ते खुलं असल्याने अडवता येत नव्हतं. बहुतेक सर्व्हरांनी त्याला वाळीत टाकलं. ही पद्धत चालली असं मी म्हणेन. पण ती चालते ती ओळखू येणाऱ्या शत्रूपुढे. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी 2023 मध्ये मोठ्या सर्व्हरांवरची सव्वातीन लाख टिपणं दोन दिवस तपासली, तेव्हा लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची आधीच नोंद झालेली चित्रं 112 वेळा सापडली. मोठ्या कंपन्यांकडे अशी चित्रं ओळखणारी यंत्रणा आणि ती पाहण्यासाठी पगारी माणसं असतात (त्यांचेही हाल कमी नाहीत). इथे ते चित्र पाहणारा माणूस म्हणजे नोकरीवरून घरी आलेला, लहान मूल झोपल्यावर लॅपटॉप उघडून बसलेला एक जण. मला आलेल्या सूचनेतली ती ओळ, तक्रारी वाचायला रात्री बसावं लागतं, मी आधी घाईने वाचली होती.

घर म्हणजे घरच. 2023 च्या मे महिन्यात अमेरिकेत एफबीआयने एका वेगळ्याच प्रकरणात एका माणसाच्या घरी छापा घातला. तो कोलेक्टिव्हा नावाच्या सर्व्हरचा व्यवस्थापक होता आणि घरातल्या यंत्रावर सर्व्हरची न झाकलेली प्रत होती. हजारो लोकांचे खाजगी निरोप त्याबरोबर जप्त झाले. 2024 मध्ये 'क्विअर डॉट एएफ' हा सर्व्हर बंद पडला, कारण 'डॉट एएफ' हा पत्ता अफगाणिस्तानचा आणि तिथे आता तालिबानचं राज्य. त्यांनी पत्ताच काढून घेतला. शब्दाच्या गमतीसाठी घेतलेल्या पत्त्याची ही किंमत.

भारतात सर्व्हर काढायचा तर काय, याचं उत्तर मी कायद्यात शोधलं. फेब्रुवारी 2021 च्या नियमांत मोठ्या कंपन्यांसाठी पन्नास लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांची मर्यादा आहे, तिथवर आपण पोहोचत नाही. पण तक्रार निवारण अधिकारी नेमणं, तक्रारीची पोच चोवीस तासांत देणं, ठरलेल्या मुदतीत निकाल लावणं हे साध्या 'मध्यस्था'लाही लागू आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातली मध्यस्थाची व्याख्या इतकी सैल आहे की दोनशे माणसांचा सर्व्हर तिच्यात आरामात मावतो. एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार नोंदी 180 दिवस ठेवायच्या आणि घुसखोरी झाली तर सहा तासांत कळवायचं. हे कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. वाचनालयासारखा सर्व्हर काढू पाहणारा शिक्षक किंवा निवृत्त अभियंता हे वाचून काय करील ते मी सांगायला नको. नियम नसावेत असं माझं म्हणणं नाही, वरची स्टॅनफर्डची गोष्ट मी विसरलेली नाही. पण सार्वजनिक वाचनालयासाठी आपल्याकडे 1967 चा वेगळा कायदा आहे, त्याला कोणी पुस्तकविक्रीच्या साखळी दुकानांचे नियम लावत नाही.

मोठे शेजारी पुन्हा आले आहेत. मेटाने जुलै 2023 मध्ये थ्रेड्स काढलं, त्यावर पाच दिवसांत दहा कोटी लोक आले, आणि पुढे त्यांनी ॲक्टिव्हिटीपबचं दार किलकिलं केलं. शेकडो सर्व्हरवाल्यांनी आधीच जाहीर केलं की मेटाला आम्ही आत घेणार नाही. गूगल टॉकची आठवण ताजी होती. दुसरे म्हणाले, पोस्टात पत्र टाकणारा श्रीमंत आहे म्हणून पत्र नाकारायचं का? मला दुसऱ्यांचं पटतं, पण पहिल्यांचा दाखला खोडता येत नाही. ब्लूस्कायने वेगळीच रीत काढली, तीत खातं आणि जुनं लिखाण दोन्ही दुसरीकडे नेता येतं असं आश्वासन आहे. 2025 च्या जानेवारीपर्यंत तिथे तीन कोटी खाती झाली, मात्र त्यांतली बहुतेक सगळी आजही एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत. रोश्कोने त्याच महिन्यात जाहीर केलं की मास्टोडॉनचं नाव आणि मालकी ना-नफा संस्थेकडे सोपवतो आहे.

माझ्या गाठोड्याकडे परत येते. मास्टोडॉनवर सर्व्हर बदलला की तुम्हाला वाचणारे लोक तुमच्याबरोबर नव्या पत्त्यावर येतात, जुनं लिखाण येत नाही. आणि गाठोड्यात फक्त स्वतःचं लिखाण, कारण दुसऱ्याचे शब्द दुसऱ्याचे, ते त्याच्या परवानगीशिवाय मी घरी न्यायचे नाहीत. हा नियम विचारपूर्वक केलेला आहे. शोधाची सोयही 2023 च्या सप्टेंबरापर्यंत मुद्दाम अपुरी ठेवली होती, आणि आता आहे ती ज्याने होकार दिला त्याच्याच लिखाणापुरती. जुने शब्द उकरून माणसाचा छळ करणाऱ्यांना हत्यार मिळू नये म्हणून. छळ सोसलेल्यांनी बांधलेलं घर आहे ते, दप्तर ठेवणाऱ्यांनी बांधलेलं नव्हे. हेन्री स्पेन्सरने टेपा भरल्या तेव्हा त्याने वीस लाख संदेशांच्या लेखकांना विचारलं नव्हतं. आज तसं कुणी केलं तर त्याला वाळीत टाकतील, आणि मी वाळीत टाकणाऱ्यांना चूक म्हणू शकणार नाही. तरीही मला त्या टेपा हव्या आहेत. या दोन वाक्यांची तोंडमिळवणी मला करता आलेली नाही.

शेवटी मी टपालाच्या अभ्यासकाने करायचं तेच केलं. सर्व्हर बंद व्हायला पाच आठवडे उरले होते. ज्यांच्याशी माझा पत्रव्यवहार झाला होता त्या एकतीस जणांना एकेक करून लिहिलं, की मला दिलेली तुमची उत्तरं तुमच्या गाठोड्यात असतील, ती मला द्याल का? एकोणीस जणांनी दिली. दोघांनी नको म्हटलं आणि कारणही सांगितलं. काहींचे सर्व्हर माझ्या आधीच बंद पडले होते. आलेल्या गाठोड्यांतल्या वेळा सगळ्या ग्रीनिचच्या, त्या आपल्या घड्याळाला लावून मी प्रश्न आणि उत्तरं समोरासमोर मांडत गेले, आणि ते काम अजून चालू आहे. 1854 च्या एका पाकिटावरच्या फिकट शिक्क्याबद्दल मी विचारलेला प्रश्न माझ्याकडे आहे, आणि 'अगदी बरोबर, आता दिसलं!' असं मी दिलेलं उत्तरही. मधलं टिपण, ज्यात कुणीतरी तो शिक्का कोणत्या गावचा ते सांगितलं होतं, ते मिळालेलं नाही. पाकीट माझ्या कपाटात आहे. मी भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. मला तो शिक्का वाचता येत नाही.